दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात बचाव नेमका कशाचा करतात?

पाऊलवाट
नमस्कार. हा धागा काढायचे बरेच दिवस मनात होते, पण धीर होत नव्हता. बारा वर्षांपूर्वी माझे वडील रस्ता ओलांडताना दारू प्यायलेल्या चालकाच्या गाडीखाली गेले. खटला उभा राहिला, रक्ततपासणीचा अहवालही आला होता, आणि तरीही तो माणूस दारूच्या आरोपातून सुटला. निकालाच्या दिवशी ‘नमुन्यात घोळ होता’ एवढेच आमच्या कानावर आले. बचाव पक्षाचा वकील म्हणजे पळवाटा शोधून देणारा माणूस, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्के बसले. आता माझा मुलगाच वकील झाला आहे आणि गेल्या महिन्यात त्याने असाच एक खटला आरोपीच्या बाजूने घेतला. आमचे भांडण झालेले नाही, पण जेवताना दोघेही गप्प असतो.

अशा खटल्यांत बचाव म्हणून काय काय मांडले जाते, त्यातले खरे काय आणि पळवाट कोणती, हे मला समजून घ्यायचे आहे. यंत्राने आकडा दाखवला की त्यावर वाद घालायला उरते तरी काय? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उंबरठा
पाऊलवाटताई, तुमच्या दुःखाला उत्तर देणे मला शक्य नाही. प्रश्नाला मात्र देता येईल. मी फौजदारी वकिली करतो आणि अशा खटल्यांत दोन्ही बाजूंनी उभा राहिलो आहे.

सुरुवात कायद्याच्या रचनेपासून करावी लागेल. बहुतेक देशांत या गुन्ह्याची दोन रूपे असतात. एकात चालकाच्या शरीरातील मद्यार्क ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त होता एवढेच सिद्ध करायचे असते, मग तो गाडी कशी चालवत होता हा प्रश्नच येत नाही. दुसऱ्यात नशेमुळे त्याचा वाहनावर ताबा राहण्यासारखी स्थिती नव्हती, हे दाखवावे लागते. पहिले रूप तुलनेने नवे आहे. नॉर्वेने १९३६ मध्ये रक्तातील मद्यार्काची मर्यादा कायद्यात आकड्याने घातली आणि तसे करणारा तो जगातला पहिला देश ठरला. ब्रिटनने हाच मार्ग १९६७ च्या कायद्याने धरला आणि १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. इंग्लंडमध्ये ती अजून तेवढीच आहे, स्कॉटलंडने मात्र २०१४ मध्ये ती ५० वर आणली. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ती ८० च आहे, युटा राज्यात ५०. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार ती ३० आहे.

आकडा आला तेव्हा सगळ्यांनाच वाटले की आता वाद संपला. प्रत्यक्षात वादाची जागा बदलली. पूर्वी ‘हा माणूस झिंगलेला दिसत होता का’ यावर उलटतपासणी व्हायची, आता ‘हा आकडा कुठून आला’ यावर होते. आकडा याच माणसाचा आहे का, त्याने गाडी चालवली त्याच वेळचा आहे का आणि यंत्र त्या दिवशी नीट मोजत होते का, या तीन प्रश्नांतूनच बहुतेक प्रामाणिक बचाव निघतात.

आकडा नसेल तर काय होते, हेही सांगून ठेवतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ च्या एका निकालात म्हटले आहे की तोंडाला दारूचा वास येणे, चाल अडखळणे, बोलणे असंबद्ध असणे आणि बाहुल्या विस्फारलेल्या असणे, एवढ्यावरून मद्यपानाचा ठाम निष्कर्ष काढता येत नाही. त्या प्रकरणात रक्त आणि लघवी तपासलेलीच नव्हती. तपास करणाऱ्याने चाचणी घेण्याचा कंटाळा केला की सरकार पक्षाचा पाया तिथेच खचतो.

रानपाखरू
उंबरठा, माहिती चांगली आहे, पण माझा मूळ आक्षेप कायम राहतो. या सगळ्या शंका काढायला तज्ज्ञ लागतो आणि तज्ज्ञाला पैसे लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत तो पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून मोकळा होतो. मग हा बचाव न्यायाचा म्हणायचा की ऐपतीचा?

प्रयोगनळी
मी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन विश्लेषक म्हणून आयुष्य काढले आणि आता निवृत्त आहे. साक्षीच्या पिंजऱ्यात मी कायम सरकार पक्षाकडून उभा राहिलो, त्यामुळे माझे म्हणणे आरोपीच्या कैवाराने लिहिलेले नाही, हे आधी नमूद करतो.

श्वासचाचणीचे यंत्र रक्त मोजत नाही. ते फुप्फुसातून आलेल्या हवेतील मद्यार्क मोजते आणि त्यावरून रक्तातील प्रमाणाचा अंदाज बांधते. बऱ्याच यंत्रांत त्यासाठी २१०० ला १ हे गुणोत्तर धरलेले असते, म्हणजे २१०० मिलिलिटर श्वासात जेवढा मद्यार्क सापडतो तेवढाच १ मिलिलिटर रक्तात असतो असे मानले जाते. ब्रिटनच्या कायद्याने १०० मिलिलिटर श्वासात ३५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली, ती २३०० ला १ या हिशेबाने येते. एकाच गोष्टीसाठी दोन देश दोन गुणोत्तरे वापरतात, यावरूनच लक्षात येईल की हा निसर्गनियम नसून सोयीसाठी निवडलेला मधला आकडा आहे. प्रत्यक्षात हे गुणोत्तर माणसागणिक बदलते आणि एकाच माणसात पिण्याच्या सुरुवातीला एक, नंतर दुसरे असू शकते. अंगात ताप असेल तर शरीराच्या तापमानातील प्रत्येक अंशामागे निकाल साधारण ६ ते ८ टक्क्यांनी चढा येतो.

दुसरी गोष्ट तोंडात राहिलेल्या मद्यार्काची. नुकताच घोट घेतलेला असेल, ढेकर आला असेल किंवा उलटी झाली असेल, तर यंत्रात फुप्फुसातील हवेबरोबर तोंडातील वाफही जाते आणि आकडा भलताच वर जातो. हा परिणाम साधारण १५ मिनिटांत ओसरतो. म्हणून पुराव्यासाठी चाचणी घेण्यापूर्वी त्या माणसावर १५ ते २० मिनिटे लक्ष ठेवावे असा दंडक बऱ्याच ठिकाणी आहे. लक्ष ठेवायचे म्हणजे त्याच्याकडे पाहत राहायचे, कागद भरत बसायचे नाही. उलटतपासणीत चांगला वकील एवढेच विचारतो की त्या पंधरा मिनिटांत तुम्ही काय करत होतात. साक्षीदार ‘फॉर्म लिहीत होतो’ म्हणाला की मला पुढचे उत्तर ऐकायची गरज उरत नसे.

आता रानपाखरू यांच्या मुद्द्याकडे येतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात श्वासयंत्रे प्रमाणित करताना मद्यार्काचे ठरावीक द्रावण ३४ अंश सेल्सिअसला तापवून त्याची वाफ यंत्राला देत. द्रावण खरोखर ३४ अंशांवर आहे ना, हे एका वेगळ्या प्रमाणित थर्मामीटरने पडताळायचे असते. तिथल्या एका पोलीस अधिकाऱ्याने ती पडताळणी केलीच नाही आणि कागदावर मात्र केल्याचे लिहिले, असा आरोप झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या यंत्रांवर घेतलेल्या २० हजारांहून अधिक चाचण्या पुराव्यात ग्राह्य नाहीत असे ठरवले. ही दाद मागणारी बाई आधी गुन्हा कबूल करून बसली होती. एकीने प्रश्न धसास लावला आणि त्याचा उपयोग वकील न परवडणाऱ्या हजारो लोकांनाही झाला.

कवडसा
प्रयोगनळीकाका, मग त्या २० हजारांत खरोखर प्यायलेलेही असतीलच ना? ते सगळे सुटले असतील तर त्याचा आनंद कसा मानायचा?

प्रयोगनळी
कवडसा, असतील, आणि बहुसंख्य असतील. मी आनंद मानत नाही. माझा राग त्या न लावलेल्या थर्मामीटरवर आहे. एका मिनिटाचे काम होते.

निर्गुंडी
मी डॉक्टर आहे. वैद्यकीय बचावांबद्दल लोकांच्या मनात बराच गोंधळ असतो, म्हणून लिहिते.

मधुमेह किंवा उपवासामुळे श्वासात अ‍ॅसिटोन येतो आणि यंत्र त्याला दारू समजते, असे सर्रास सांगितले जाते. जुन्या पद्धतीच्या काही यंत्रांबाबत त्यात तथ्य होते. आजची इंधनघटावर (मद्यार्काच्या रासायनिक क्रियेतून निघणारी वीज मोजणाऱ्या घटावर) चालणारी यंत्रे अ‍ॅसिटोनला दाद देत नाहीत आणि अवरक्त किरणांची यंत्रे एकाहून अधिक तरंगलांबींवर मोजून तो वेगळा काढतात. मात्र दीर्घ कीटोसिसमध्ये, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळत असते त्या अवस्थेत, शरीर थोड्या अ‍ॅसिटोनचे आयसोप्रोपिल अल्कोहोल बनवते आणि इंधनघट ते ओळखू शकत नाही. त्यामुळे थोडासा खोटा आकडा येणे शक्य आहे, पण मर्यादेच्या तिप्पट आकडा त्यातून येणार नाही. बचाव घेणाऱ्याने आणि तो ऐकणाऱ्यानेही ही पायरी विसरू नये.

शरीरातच मद्यार्क तयार होण्याचा विकार मात्र खरा आहे. आतड्यातील यीस्ट कर्बोदकांचे किण्वन करते आणि माणूस थेंबही न पिता नशेत जातो. बेल्जियममधील ब्रुज येथील न्यायालयाने २०२४ मध्ये अशा एका चालकाला निर्दोष सोडले, कारण तीन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासून विकाराची खात्री दिली होती. हा विकार अत्यंत दुर्मीळ आहे आणि तो देखरेखीखाली चाचणी करूनच सिद्ध करावा लागतो. नुसते नाव घेऊन कोणी सुटत नाही.

याहून कितीतरी अधिक वेळा उपयोगी पडणारी गोष्ट वेगळीच आहे. अपघातातील जखमीचे रक्त रुग्णालयात तपासतात तेव्हा बहुधा पेशी वेगळ्या काढून उरलेल्या सीरमवर चाचणी करतात. सीरममध्ये पाणी जास्त, म्हणून मद्यार्कही जास्त दिसतो. पूर्ण रक्ताच्या तुलनेत तो आकडा साधारण १२ ते १८ टक्क्यांनी मोठा असतो. कायद्याची मर्यादा पूर्ण रक्ताची असेल आणि खटल्यात सीरमचा आकडा जसाच्या तसा वापरला असेल, तर काठावरचा माणूस नाहक गुन्हेगार ठरतो. उपचारासाठी केलेली तपासणी आणि न्यायालयासाठी केलेली तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हा डॉक्टरांनाही पुष्कळदा कोणी शिकवलेले नसते.

सांजसावली
माझ्या भावाचा अनुभव सांगते. त्याला लहानपणापासून मधुमेह आहे. एका रात्री गाडी चालवताना त्याची साखर एकदम उतरली, गाडी दुभाजकाला घासली आणि तो स्टिअरिंगवर डोके टेकून बसून राहिला. पोलिसांनी बाहेर काढले तेव्हा त्याला सरळ उभे राहता येईना, बोलणे जड झाले होते आणि अंगाला दरदरून घाम सुटला होता. सगळ्यांनी त्याला झिंगलेला ठरवले. एक जण तर हातातील मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करत होता. यंत्रात फुंकल्यावर शून्य आले, तेव्हा कोणीतरी त्याच्या गळ्यातील वैद्यकीय पदक पाहिले. आकड्याने माझ्या भावाला वाचवले, म्हणून मोजणी अचूक असावी यासाठी झगडणारा माणूस मला परका वाटत नाही.

उंबरठा
सांजसावली, रस्त्यावरच्या शारीरिक कसोट्यांचा विषय यातून निघालाच आहे. अमेरिकेत तीन कसोट्या प्रमाण मानल्या जातात: डोळ्यांच्या बुबुळांची थरथर पाहणे, रेषेवर टाचेला अंगठा लावत नऊ पावले जाऊन तसेच परत येणे आणि एका पायावर उभे राहणे. वय ६५ च्या वर, वजन ५० पौंडांहून जास्त वाढलेले, पाठ किंवा पाय दुखावलेला अशा माणसांना यातल्या तोल सांभाळायच्या कसोट्या प्यायल्याशिवायही जड जातात, असे खुद्द तिथल्या प्रशिक्षण पुस्तिकाच सांगतात. वय आणि दुखणे विचारलेच नव्हते, हा उलटतपासणीतला अगदी साधा आणि खरा मुद्दा आहे.

आता वेळेचा प्रश्न, कारण सर्वांत जास्त चुरस तिथे होते. प्यायलेला मद्यार्क रक्तात चढायला साधारण अर्धा ते दोन तास लागतात आणि नंतर तो तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमने उतरतो, काहींत १०, काहींत २५. समजा, मर्यादा ८० आहे आणि गाडी थांबवल्यावर दीड तासाने घेतलेल्या नमुन्यात ८५ आले. ज्याने बऱ्याच वेळापूर्वी पिणे थांबवले होते तो गाडी चालवताना शंभराच्या वर असणार. ज्याने निघण्यापूर्वी घाईत पेला संपवला तो गाडी चालवताना साठाच्या आसपास असू शकतो. आकडा एकच, पण त्यामागच्या हकिगती एकमेकींच्या विरुद्ध आहेत. म्हणून शेवटचा घोट केव्हा घेतला, हे कागदावर आले पाहिजे.

अनेक कायद्यांनी ही वाट मुद्दाम अरुंद केली आहे. अमेरिकेतील काही राज्यांत गाडी चालवल्यानंतर दोन तासांच्या आत मर्यादेपेक्षा जास्त आढळणे हाच गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये नमुन्यात जेवढा मद्यार्क निघाला त्याहून कमी तो गाडी चालवताना नव्हता असे गृहीत धरतात आणि ‘गाडी थांबवल्यानंतर मी प्यालो’ असे म्हणणाऱ्याला ते स्वतः सिद्ध करावे लागते. अपघातानंतर हादरून घरी जाऊन प्यायलेला माणूस आणि पकडले जाऊ म्हणून मुद्दाम प्यायलेला माणूस दोघेही हेच सांगतात, आणि ओझे आरोपीवर टाकण्यामागचे कारणही हेच आहे. भारतात घड्याळ वेगळ्या प्रकारे चालते. कलम २०२ खाली विनावॉरंट अटक केली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्या व्यक्तीला कोठडीतून सोडावे लागते.

कवडसा
मग यंत्रात फुंकायलाच नकार दिला तर? असा सल्ला बरेच जण देतात. तोंडात नाणे ठेवा, दीर्घ श्वास घेऊन सोडा, असलेही काय काय सांगतात.

उंबरठा
कवडसा, नाण्याने काहीही होत नाही, कारण यंत्र खोल फुप्फुसातली हवा मोजते. नकाराचा सल्ला तर अधिकच घातक आहे. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय नमुना न देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की मद्यार्क रक्तातून उतरत जातो, एवढ्याच कारणावर प्रत्येक वेळी वॉरंटशिवाय रक्त काढता येणार नाही. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने श्वास आणि रक्त यांत फरक केला. कायदेशीर अटकेनंतर वॉरंटशिवाय श्वासचाचणी घेता येते, पण सुई टोचून रक्त काढण्यासाठी तसे चालत नाही. दम्यामुळे पुरेसा श्वास सोडता न येणे हे खरे कारण असू शकते, पण ते त्याच वेळी सांगावे लागते.

रानपाखरू
दुसऱ्याने पेयात नकळत दारू मिसळली, किंवा जिवाच्या भीतीने गाडी पळवावी लागली, या सबबींना न्यायालयात काही किंमत असते का?

उंबरठा
असते, पण दोन्हींची वेगळी. नकळत मिसळलेल्या दारूने इंग्लंडमध्ये माणूस निर्दोष ठरत नाही. परवाना रद्द न करण्याचे विशेष कारण म्हणून न्यायालय ते विचारात घेऊ शकते. अंगावर धावून आलेल्या माणसापासून जीव वाचवण्यासाठी गाडी काढली, हा मात्र पूर्ण बचाव ठरू शकतो. अट एवढीच की धोका टळला तिथे गाडी थांबली पाहिजे. दोन चौक पुढे गेल्यावर मागे कोणी नाही हे दिसले आणि तरीही तो दहा किलोमीटर गेला, तर पहिल्या दोन चौकांचा बचाव पुढच्या अंतराला पुरत नाही.

प्रयोगनळी
पाऊलवाटताईंच्या मूळ प्रश्नातील ‘नमुन्यात घोळ’ या शब्दांवर मी अडून राहिलो आहे, म्हणून रक्ताच्या कुपीचा प्रवास लिहितो. त्वचा पुसताना स्पिरिट वापरायचे नाही. कुपीत सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असावे लागते. पहिल्यामुळे जंतू नवा मद्यार्क तयार करू शकत नाहीत, दुसऱ्यामुळे रक्त गोठत नाही. कुपी भरल्यावर ती सावकाश उलटीसुलटी करायची, म्हणजे भुकटी रक्तात मिसळते. हे न करता कुपी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत पडून राहिली, तर साखरेवर जंतू जगतात आणि मद्यार्क बनू शकतो. बूच सैल असेल तर उलट तो उडून जातो. मग सील, त्यावरचा ठसा, सह्या, फॉर्मवरचा क्रमांक, कोणी कोणाला कधी दिली याची नोंद. प्रयोगशाळेत आम्ही प्रथम पेटीवरचे सील फॉर्मवरच्या नमुना ठशाशी ताडून पाहत असू, रक्ताला हात त्यानंतर. ब्रिटनमध्ये रक्ताचे दोन भाग करून मागितल्यास एक आरोपीला देतात आणि निकालातून चुकीची शक्यता म्हणून ६ मिलिग्रॅम, शंभराच्या वर असल्यास ६ टक्के, आधीच वजा करतात. मला ही पद्धत फार आवडते, कारण ती आरोपीच्या वकिलाच्या आधी स्वतःच स्वतःवर शंका घेते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अशाच एका खटल्यात ठरवले की ज्या विश्लेषकाने रक्त तपासून प्रमाणपत्र दिले, त्यालाच उलटतपासणीला सामोरे जावे लागेल, सहकाऱ्याला पाठवून चालणार नाही. मला साक्षीला जायचा ताण यायचा, पण हे बरोबर आहे. मी काय केले ते मीच सांगायला हवे.

पाऊलवाट
सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लावले, कारण प्रयोगनळीकाकांचे शेवटचे लिखाण वाचून मी मुलाला वडिलांच्या खटल्याच्या निकालाची प्रमाणित नक्कल काढायला सांगितली. बारा वर्षांत आम्ही कोणीही तो निकाल वाचला नव्हता.

काल रात्री आम्ही दोघांनी तो वाचला. निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत ठरल्याबद्दल त्या चालकाला शिक्षा झाली होती, हे मी रागाच्या भरात जवळजवळ विसरूनच गेले होते. दारूच्या आरोपाबद्दलचा परिच्छेद दीड पानांचा आहे. कुपीवर एक क्रमांक होता आणि सोबतच्या फॉर्मवर दुसरा. रक्त काढल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत अकरा दिवस गेले आणि त्या अकरा दिवसांत कुपी कुठे होती याची एकही नोंद दाखल झालेली नव्हती. बचाव पक्षाच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला होता: ‘हे रक्त माझ्या अशिलाचेच आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता?’ साक्षीदाराचे उत्तर निकालात जसेच्या तसे उतरवलेले आहे: ‘सांगता येणार नाही.’

मुलगा म्हणाला, ‘आई, मीही हाच प्रश्न विचारला असता.’ मी त्याला म्हटले की विचारायलाच हवा होता. मग त्याच्या हातातल्या खटल्याचे कागद त्याने माझ्यासमोर ठेवले आणि दोन्ही क्रमांक मी स्वतः मोठ्याने वाचून ताडून पाहिले. ते जुळत आहेत. अशिलाला तसे स्पष्ट सांगणार आहे, असे तो म्हणाला. यंत्राचे प्रमाणपत्र अजून मिळालेले नाही, त्यासाठी तो उद्या अर्ज करणार आहे.